उंचवटा, खड्डा की खालून आलेलं? घरी रंगवलेल्या गाडीतले दोष

(पेपरचे नंबर ऐकून लक्षात राहत नाहीत, अशी बऱ्याच जणांची तक्रार होती. म्हणून हा भाग लिहून टाकतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ओके’ बरेच कापलेत.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे होतोय. राहुरीकडचा एक श्रोता आहे. त्याने जुनी 2009 ची सिल्व्हर अल्टो घेतली आणि दोन शनिवार-रविवार घालवून घरामागच्या शेडमध्ये स्वतःच रंगवली. कॉम्प्रेसर भाड्याचा, गन मित्राची. त्याचा आवाज ऐकूनच कळत होतं की गडी रात्री झोपलेला नाही. “दादा, लांबून एक नंबर दिसतेय. जवळ गेलं की रडू येतं. दारं संत्र्याच्या सालीसारखी झालीत, मागच्या फेंडरला ओघळ आलाय आणि टपावर बारीक बारीक खड्डे पडलेत. पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक येणारे. सगळं खरवडून परत मारू का?”

नको. थांब. आधी मोबाइल काढ.

खरंच सांगतोय. मोबाइलचा टॉर्च लावा आणि पत्र्याला अगदी तिरका धरा, जवळजवळ चिकटवून. समोरून उजेड टाकला तर सगळंच चकाकतं आणि काहीच कळत नाही. तिरक्या उजेडात दोषाची सावली पडते. ती सावली बघून एकच प्रश्न विचारायचा: हे वर आलेलं आहे, आत गेलेलं आहे, की खालून ढकलून आलेलं आहे? उंचवटा, खड्डा की खालून आलेलं? पुढचं सगळं याच्यावर ठरतं. उंचवटा घासून जातो. खड्डा घासून जात नाही, तो भरावा लागतो. आणि खालून आलेलं असेल तर वरून काहीही करा, ते परत येतं.

हे मी शहाणपणाने शिकलेलो नाही. आमच्या अण्णांच्या मारुती 800 चं बॉनेट घालवून शिकलोय. ते पुढे सांगतो.

आधी उंचवटे. यात पहिला नंबर धुळीच्या कणाचा. आपल्या नगर जिल्ह्यात (कागदावर आता अहिल्यानगर, माझ्या तोंडी अजून नगरच) रंग मारायचा म्हणजे वाऱ्याशी भांडण. सुप्याजवळ कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. एप्रिल-मे मध्ये ऊन इतकं आणि हवा इतकी कोरडी की रंग गनमधून निघून पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो. पावसाळ्यात हवेत ओल. म्हणून शहाणी माणसं हिवाळ्यात रंग मारतात. पण आपल्याकडे हिवाळा म्हणजे गळीत हंगाम! कारखान्याची चिमणी पेटलेली असते आणि आजूबाजूच्या गावांत वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळी काजळी पडते. ज्यांचं घर कारखान्याच्या वाऱ्याखाली आहे त्यांना हे सांगायला नको. तीच काजळी ओल्या रंगावर बसते.

यावर उपाय साधा आहे. शेडची जमीन रंग मारायच्या आधी ओली करायची, पण थारोळं नको, नुसती दमट. पडदे लावायचे. अंगात लोकरीचा स्वेटर नको, त्याचे तंतू गळतात. आणि एवढं करूनही कण बसला तर हात लावायचा नाही. ओल्या रंगातला कण बोटाने काढायला गेलात की एका कणाच्या जागी बोटाएवढा खड्डा मिळतो. म्हणजे उंचवट्याचा खड्डा तुम्हीच केलात.

आता ओघळ. गन फार जवळ आणली, हात मध्येच थांबला, किंवा एका दमात फार रंग ओतला की तो खाली सरकतो. अंतर किती ठेवायचं? एक वीत. अंगठा आणि करंगळी ताणून जेवढं होतं तेवढं, साधारण 15 ते 20 सेंटीमीटर. वीत मोजायला टेप लागत नाही, आणि गन हातात असताना टेप शोधायला वेळही नसतो.

ओघळ काढायचा तर पहिलं काम वाट बघणं. त्याच्यात रंगाचा थर जाड असतो, त्यामुळे आजूबाजूचं कडक झालं तरी ओघळाच्या पोटात रंग मऊच राहतो. बाहेरून न दिसणाऱ्या जागी नख दाबून बघा. नखाचा वळ उमटला तर अजून दिवस जाऊ द्या. हार्डनर घातलेला पीयू रंग असेल तर एक-दोन दिवस, स्प्रे कॅनचा असेल तर आठवडा किंवा जास्तच.

मग दाढीचं नवं पातं घ्या आणि त्याच्या दोन्ही टोकांना कागदी मास्किंग टेपची एकेक पट्टी गुंडाळा. आता पात्याचा फक्त मधला भाग काम करेल, आणि टेपच्या जाडीमुळे तो पत्र्यापासून किंचित वर राहील. हे पातं उभं धरून ओघळावरून हलक्या हाताने खरवडत न्यायचं. फक्त उंच भाग निघतो, बाजूच्या रंगाला धक्का लागत नाही. उरलेलं काम कडक ठोकळ्यावर गुंडाळलेल्या 1000 किंवा 1500 नंबरच्या पाण्याच्या पेपरने. ठोकळा कडकच हवा. बोटांनी घासलं तर बोटांच्या मध्ये पेपर कमी लागतो, बोटाखाली जास्त, आणि चार बोटांचे चार चर पडतात. घासायच्या आधी त्या जागेवर शिसपेन्सिल आडवी धरून करडी पूड घासा. उंच भागावरची पूड आधी निघते, खोलगट भागात राहते. पूड सगळीकडून सारखी गेली की थांबा.

संत्र्याची साल हाही तसा उंचवट्यांचाच प्रकार, फक्त हजारो बारीक उंचवटे आणि मध्ये उथळ दऱ्या. रंग घट्ट होता, हवेचा दाब कमी पडला, गन लांब धरली किंवा ऊन जास्त होतं. थेंब पत्र्यावर पडले, पण एकमेकांत मिसळून सपाट व्हायच्या आत वाळले. उन्हाळ्यात आपल्याकडे हाच दोष सगळ्यात जास्त दिसतो. त्यासाठी सावकाश उडणारं थिनर मिळतं. दुकानात नुसतं “थिनर द्या” म्हणू नका, “उन्हात मारायचंय, स्लो द्या” म्हणा.

साल काढायला आधी 1500, मग 2000, मग 3000, आणि नंतर रबिंग. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकायचे. आणि इथे एक आकडा डोक्यात ठेवा. तुमच्या डोक्यावरचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. अल्टोच्या सिल्व्हर रंगावर जो पारदर्शक क्लिअरचा थर असतो, तो बहुतेक वेळा केसापेक्षाही पातळ. त्यातलंच थोडं तुम्ही घासून काढताय. म्हणून दाराच्या कडा आणि पत्र्याची दुमड जिथे आहे तिथे आधी टेप लावून ठेवा, कारण कडेवर रंग सगळ्यात पातळ बसतो आणि पेपर तिथेच सगळ्यात जास्त लागतो.

घासताना निघणाऱ्या पाण्याकडे लक्ष द्या. क्लिअर घासला जात असेल तर पाणी दुधाळ येतं. सिल्व्हर गाडीवर ते करडं यायला लागलं की हात जागच्या जागी थांबवा. क्लिअर संपलाय, तुम्ही रंगावर आलाय. आता पॉलिश करून काही होणार नाही, तो भाग परत मारावा लागणार. पण अण्णांच्या जुन्या 800 सारखा साधा पांढरा रंग असेल, क्लिअर नसलेला, तर पाणी पहिल्यापासून पांढरंच येतं. तिथे ही खूण चालत नाही, तिथे सावकाशीच चालते.

एक सल्ला फुकट: थोडी साल राहू द्या. कंपनीतून आलेल्या नव्या कोऱ्या गाडीवरही बारीक साल असते. शोरूममध्ये जा, दारात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा, त्याच्या कडा किंचित थरथरतात. पूर्ण आरसा करायच्या नादात क्लिअर घालवलेले लोक मी बघितलेत.

आता खड्डे, म्हणजे टपावरचे.

खड्ड्यात दोन जाती आहेत आणि दोन्ही वेगळ्या ओळखता यायला हव्यात. एकाला आपले पेंटर फिशआय म्हणतात. गोल खड्डा, कडा जरा उचललेल्या, मध्ये खालचा थर दिसतो. तव्यावर तेल असताना पाण्याचा थेंब जसा बाजूला पळतो, तसा रंग तिथून पळालेला असतो. कारण तेल किंवा सिलिकॉन. कॉम्प्रेसरमधून तेलाची वाफ येते, डॅशबोर्ड चमकवायच्या स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं, आणि आपल्या घरात तर डोक्याला लावायचं खोबरेल तेल सगळीकडे पोचलेलं असतं. मी त्याला विचारलं, “टपाला हात कोणी लावला होता?” तर म्हणे आजी बघायला आली होती. प्रेमाने हात फिरवला तिने, “छान झालीय” म्हणाली. आजीला काही बोलू नकोस, म्हटलं.

दुसरी जात टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांची. एक थर थोडा वाळायच्या आत दुसरा चढवला, वरचा पापुद्रा बंद झाला, आतलं थिनर नंतर बुडबुडे फोडत बाहेर आलं. उन्हात तापलेल्या टपावर हे हमखास होतं. घासायला गेलात तर झाकलेली भोकंही उघडी पडतात आणि आधीपेक्षा जास्त दिसतात. लोकांना वाटतं पेपरने भोकं पाडली. भोकं आधीच होती.

दोन्हींवर इलाज एकच आणि तो कंटाळवाणा आहे. रंग पूर्ण कडक होऊ द्यायचा, भोकांच्या तळापर्यंत घासायचं, तेल-मेण काढायच्या द्रवाने दोन फडक्यांनी पुसायचं (एक ओलं, लगेच मागून दुसरं कोरडं, एकाच फडक्याने नुसतं तेल फिरतं) आणि तेवढं पॅनेल परत मारायचं. आता हे परत मारणं कुठे करायचं, यावर मला भांडायचंय. पण आधी बॉनेट.

अण्णांची मारुती पांढरी, एमएच 16. एका रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून लागली होती. मागे रिफ्लेक्टर नाही, काही नाही, आपल्याकडे हंगामात हे चालतंच. बॉनेट सरळ करून एका मिस्त्रीने रंगवून दिलं. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी यूट्यूब बघून पेटलो. बॉनेट घासलं, पुसलं, पीयू रंग आणला, हार्डनर मापून घातला, पहिला हात मारला. सुंदर. दहा मिनिटांनी बघतो तर तापवलेल्या दुधावरची साय फुंकल्यावर जशी सुरकुतते, तसं अख्खं बॉनेट सुरकुतलेलं. मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस जे करतो ते केलं, वरून अजून एक हात मारला. अण्णा आले, बघितलं, म्हणाले, “आधी बरी होती गाडी.” बास. एवढंच. आत गेले.

झालं काय होतं? त्या मिस्त्रीने बॉनेटला एनसी मारला होता, नायट्रोसेल्युलोज. आपल्याकडे गाडी रंगवणाऱ्याला अजून ‘ड्यूको पेंटर’ म्हणतात, ते नाव याच रंगाचं. ड्यूको हा अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचा ब्रँड. 1920 च्या दशकात जनरल मोटर्सने तो ओकलंड गाड्यांना वापरला आणि तिथून तो जगभर गेला. त्याआधी गाडी रंगवून वाळायला आठवडे लागायचे, ड्यूको तासांत वाळायला लागला. पण तो वाळतो म्हणजे काय, तर त्यातलं थिनर उडून जातं. रासायनिक बदल काही होत नाही. त्यामुळे वर्षांनी सुद्धा त्याच्यावर तिखट थिनर पडलं की तो परत मऊ होतो, फुगतो. पीयू तसा नाही. त्यात हार्डनरशी अभिक्रिया होऊन रंग बांधला जातो, पुन्हा विरघळत नाही. मी विरघळणाऱ्या रंगावर तिखट थिनरवाला रंग ओतला होता. खालून आलेलं म्हणतो ते हे.

हे आधी तीस सेकंदांत कळलं असतं. पांढऱ्या फडक्यावर थिनर घ्या, न दिसणाऱ्या जागी अर्धा मिनिट दाबून धरा, मग चोळा. फडक्याला रंग लागला किंवा पत्रा चिकट झाला तर खाली एनसी आहे. तो पूर्ण काढा, नाहीतर इपॉक्सी प्रायमरने झाका. काही लागलं नाही तर बिनधास्त. जुनी गाडी घेतली असेल तर प्रत्येक पॅनेलवर वेगळं बघा, कारण कुठलं दार कधी कोणी रंगवलं ते गाडी सांगत नाही.

खालून येणाऱ्यात अजून दोन. गंजाचा फोड, तो तर सगळ्यांना माहितीये, पत्र्यापर्यंत खणल्याशिवाय सुटका नाही. आणि लांबीचा फोड. लांबी, म्हणजे पुट्टी, ती पाणी पिते. आपले बरेच कारागीर लांबी पाण्याने घासतात कारण धूळ उडत नाही आणि पेपर टिकतो. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण ही सवय चुकीची. पाणी आत राहतं आणि पहिल्या कडक उन्हात फुगून वर येतं. लांबी कोरडीच घासा, धुळीचा मास्क लावून. पाण्याचा पेपर प्रायमरनंतर. आणि रंगाआधीचं शेवटचं धुणं बोअरच्या पाण्याने नको. आमच्याकडच्या बोअरचं पाणी बादलीत वाळलं की पांढरा थर राहतो, तोच क्षार रंगाखाली अडकला तर ओल ओढून घेतो आणि बारीक फोड येतात. फिल्टरचं दोन बाटल्या पाणी पुरतं.

पावसाळ्यात एनसी मारला आणि तो पांढुरका, धुकट झाला, तर ते मात्र तितकं वाईट नाही. थिनर उडताना पत्रा थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते. कोरड्या दिवशी रिटार्डर थिनरचा हलका फवारा मारला की बऱ्याचदा जातं.

आता भांडण. टप परत मारायचं म्हटल्यावर त्याने विचारलं, “दादा, शेड पूर्ण बंद करून मारतो यावेळी, म्हणजे धूळ येणार नाही.” मी विचारलं, तोंडाला काय लावतोस? म्हणे रुमाल, आणि लॉकडाऊनमधला एक एन-95 पडलाय.

मंडळी, पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. 1984 ला भोपाळमध्ये जो वायू सुटला, मिथाइल आयसोसायनेट, तो याच कुळातला. रंगातलं रसायन ते नव्हे, त्याच्याइतकं उडणारंही नाही, पण गनमधून त्याचे बारीक थेंब हवेत होतात आणि थेट छातीत जातात. त्यातून दमा होतो. रंगकाम करणाऱ्यांना होणारा हा जगभर माहीत असलेला आजार आहे. आणि एकदा शरीराने याचा राग धरला की नंतर अगदी थोडंसं सुद्धा पुरतं. वास येत नाही म्हणजे हवेत नाही, असं समजू नका. वास यायच्या आधीच ते धोक्याच्या पातळीला गेलेलं असू शकतं. रुमाल, सर्जिकल मास्क, एन-95, यातलं काहीही त्याला अडवत नाही. बूथमध्ये नीट काम करणारे लोक बाहेरून शुद्ध हवा नळीने येणारा मास्क घालतात, अंग झाकतात, हातमोजे घालतात.

नगरच्या एमआयडीसीजवळ एक पेंटर होते, मी त्यांच्याकडे तासन् तास उभा राहायचो. हात असा की ओघळ म्हणून नाही. तोंडाला उपरणं. हल्ली ते रंगाच्या दुकानात काउंटरला बसतात. जिना चढले की मध्येच थांबतात, आणि कोणी गाडीत क्लिअर मारत असेल तर त्या गल्लीतून जात नाहीत. कशामुळे झालं ते डॉक्टरने सांगायचं. मी फक्त एवढं बघितलं की माझ्याकडे हार्डनरचा डबा बघून ते म्हणाले, “घरी मारतोस? पोरं आहेत ना घरात?”

तेव्हापासून माझा नियम: घासणं, लांबी, मास्किंग, रबिंग सगळं घरी. हार्डनरवाला रंग आणि क्लिअर बूथ असलेल्या गॅरेजमध्ये. तयार केलेलं पॅनेल घेऊन गेलात तर मजुरीचा मोठा भाग तुम्हीच वाचवलेला असतो. आणि थिनरबद्दल अजून एक: त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. शेडला लागून गॅस गीझर असेल किंवा घरात तिन्हीसांजेला समई लागत असेल तर ती वाफ तिथपर्यंत जाते.

तर राहुरीच्या मित्रा, तुझ्या अल्टोचं असं. दारांची साल: 2000 पासून सुरू कर, 1500 ची गरज पडली तरच मागे जा. रबिंग सकाळी, पत्रा थंड असताना, एका वेळी वहीच्या पानाएवढी जागा. फेंडरचा ओघळ: पातं आणि टेप. मागच्या नंबर प्लेटखाली दुसरा छोटा ओघळ आहे म्हणालास, तो राहू दे, तिथे वाकून कोणी बघत नाही. टप: घासून, पुसून, गॅरेजमध्ये ने. आणि गिऱ्हाईक आलं की टप परत मारलाय हे त्याला सांग. तो दाराला टिचकी मारून बघणारच आहे, तुझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

आज रात्री टॉर्च तिरका धरून टपाचा एक फोटो पाठव. खड्ड्यांच्या कडा उचललेल्या आहेत की नाहीत ते मला बघायचंय. फिशआय असेल तर कॉम्प्रेसरचा ऑइल ट्रॅपही तपासावा लागेल, सगळा आळ आजीवर नको.

बाकीच्यांनी आपापल्या बॉनेटचे फोटो पाठवा. सुरकुतलेले असतील तर आधी पाठवा. भेटू पुढच्या शनिवारी, विषय आहे हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा.